दिलेली पातळी

“तुझी आई तिथंच राहते ना?” इंजिनियर पासारीनो एवढंच म्हणाले आणि माते नावाच्या कडू चहाच्या वाटीतली नळी ओठांत धरून पुन्हा खिडकीकडे वळले. आवाजात खोच नव्हती. तब्येतपाण्याची चौकशी करावी तसं विचारलं होतं. पण नोएमी साविचचं वाक्य मध्येच तुटलं. ती उताराबद्दल बोलत होती. दक्षिणेकडून येणारं पाणी चौकात का थांबणार, हे तिनं पडद्यावर बोट ठेवून निम्मं सांगितलं होतं. उरलेलं निम्मं जिभेवर तयार होतं. ते तसंच राहिलं. “हो,” ती म्हणाली, “कोपऱ्यापासून तिसरं घर.” आणि ‘हो’ म्हणताच तिच्या लक्षात आलं की आता पुढे काहीही बोललं तरी ते मुलीचं बोलणं होणार. आत्तापर्यंत ते इंजिनियरचं होतं. आकडे तेच, चौक तोच, पाणीही तेच. पण पासारीनोंनी त्या सगळ्याखाली एक म्हातारी आणून बसवली होती आणि ती आता तिथून हलणार नव्हती. “मग हमरस्त्याला हात लावू नकोस,” ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, “लोक उद्या म्हणतील, साविचबाईंनी आईसाठी अख्खा रस्ता वाकवला. मला चालेल, पण तुलाच त्रास होईल.” वर तिची काळजीच घेतल्यासारखं. नोएमी आपल्या टेबलाशी येऊन बसली तेव्हा तिचे कान तापले होते, आणि हे उकाड्यानं आहे असं तिनं स्वतःला सांगून बघितलं.

पुएर्तो ताकुआरात उतार ही ऐकीव गोष्ट आहे. गाव परातीसारखं सपाट. पाण्याला कुठं जायचं ते दरवेळी समजावून सांगावं लागतं, आणि समजावण्याचं काम रस्त्याच्या कडेच्या काँक्रीटच्या पन्हळी करतात. नोएमीचं आयुष्य या पन्हळींच्या तळाच्या पातळ्या काढण्यात चाललं होतं. संगणकाला दोन रस्ते एकमेकांना छेदताना दिसले की तो पहिल्यांदा त्यांचे मध्य जुळवतो. मध्याशी मध्य मिळाला की तो खूष. पाणी मात्र कडेनं वाहतं. म्हणून चौकाचे चारही कोपरे माणसानं हातानं सोडवावे लागतात: एका रस्त्याची पन्हळ वळणाच्या तोंडाशी किती उंचीवर आहे, दुसऱ्याची वळण संपतं तिथं किती उंचीवर, आणि मधल्या त्या कमानीत पाणी उतरत जातं की अडतं. सेईबो गल्लीच्या चौकात ते अडत होतं. दक्षिणेकडून येणारी गल्ली हमरस्त्याला मिळते, ओलांडते आणि उत्तरेला तळ्याकडे जाते. पाणीही गावात माणूस वसण्याआधीपासून त्याच वाटेनं तळ्यात जात आलं होतं. आता नव्या हमरस्त्याचा भराव मध्ये उभा राहत होता. गल्लीच्या पन्हळीचा तळ हमरस्त्याच्या पन्हळीच्या वीतभर खाली राहत होता, आणि वीतभर पाणी चढून जात नाही. तसंच सोडलं तर ते कोपऱ्यावर साचणार, नेमकं बालवाडीच्या फाटकासमोर. हमरस्ता चौकात थोडा खाली घेऊन त्यावरून उथळ, रुंद अशी आडवी पन्हळ काढली, तर पाणी जुन्या वाटेनं सरळ पलीकडे जाईल. गाड्यांना तेवढा वेग कमी करावा लागेल. गावात अशा आडव्या पन्हळी गल्लोगल्ली होत्या. पण हमरस्त्याचं उद्घाटन गव्हर्नर करणार होते आणि पासारीनोंनी सांगून ठेवलं होतं, “मखमली कोटाला मी ठिगळ लावणार नाही.” राहिला एकच उपाय. गल्लीच वीतभर वर उचलायची, म्हणजे पन्हळी जुळतील आणि पाणी वळून हमरस्त्याच्या कडेनं मोठ्या नाल्याकडे जाईल. मग गल्लीतलं एकच घर रस्त्याखाली जाणार होतं.

“अजून तिथंच?” शेजारच्या टेबलावरून वाल्तेर अल्मिरोननं विचारलं. तो गटारांच्या पाइपांचं बघायचा आणि कुठल्याही गोष्टीचं त्याला ओझं वाटत नसे. नोएमीच्या पिंगट केसांमुळे तो तिला ग्रिंगा, म्हणजे परदेशीण, म्हणायचा, आणि ती त्याला काही म्हणायची नाही. “अगं ग्रिंगा, दे सोडून. कामावर जुळेल. मिस्त्री दोन घमेली काँक्रीट टाकतो, पाट्यानं ओढतो, झालं. तू काढलेला आकडा त्या खड्ड्यात कुणी वाचणार आहे का?”

“मिस्त्री पाणी वर चढवतो?”

“मिस्त्री काहीही करतो. परवा कॅथेड्रलमागच्या चौकात त्यानं पाणी चर्चमध्ये नेलं. फादर म्हणाले, बाप्तिस्म्याची सोय झाली.”

ती हसली नाही. हसायला हवं होतं, कारण वाल्तेर चांगला होता आणि तिच्यासाठीच बोलत होता. पण ‘कामावर जुळेल’ हे शब्द तिनं इतक्या तोंडांतून ऐकले होते की आता ते ऐकले की तिचे दात शिवशिवत. कामावर काहीच जुळत नाही. कामावर फक्त दिसेनासं होतं. तिनं गल्लीचा लांबछेद, म्हणजे तिच्या चढउताराची रेघ, उघडला, शेवटचा बिंदू धरला आणि वर ओढला. रेघ मऊपणे वर आली, काहीही वजन नसल्यासारखी. कोपऱ्यांवरच्या लाल खुणा एकामागून एक हिरव्या झाल्या. संगणकाच्या मते आता या चौकात काहीही वाईट घडणार नव्हतं. तिनं रेघ परत खाली सोडली. खुणा लाल झाल्या. पुन्हा वर घेतली. हे ती किती वेळ करत होती कोण जाणे. वाल्तेरनं एकदा मान वर करून बघितलं आणि पंखा तिच्या बाजूला वळवला.

त्या रेघेच्या खाली तिच्या वडिलांचं घर होतं. संगणकाला ते माहीत नव्हतं, कारण त्याला रस्त्याच्या कडेपर्यंतच दिसतं. उंबरठे त्याच्या हद्दीत येत नाहीत. तेओदोरो साविच पोस्टात कारकून होते. गल्ली तेव्हा नुसती चिखलाची वाट होती. घर बांधायच्या आधी नगरपालिकेकडे अर्ज करून पातळी मागायची असा नियम होता, आणि गल्लीत तो फक्त त्यांनीच पाळला. पालिकेचा मोजणीदार आला, त्यानं केब्राचोच्या कठीण लाकडाची खुंटी ठोकली, खुंटीवर खिळा मारला आणि सांगितलं, पुढेमागे रस्ता होईल तो या खिळ्याच्या बेतानं. बाकीच्यांनी पालिकेची वाट बघितली नाही. प्रत्येकानं शेजाऱ्याचं जोतं बघून आपलं दोन थर वर घेतलं, त्याच्या पुढच्यानं आणखी दोन. कुंपणावरून लोक सांगायचे, “अहो तेओदोरो, चढवा दोन थर, वेडे की काय तुम्ही!” आणि वडील हातातली करणी विटेवर पुसत म्हणायचे, “पातळी दिलेली आहे.” देवानं दिल्यासारखं. मग पाऊस आला की पाणी दिलेल्या पातळीवर बरोबर दारातून आत यायचं. नोएमीला त्या पाण्याचा वास अजून येई: भिजलेली ऊब, बेडकं, शेजारच्या कोंबड्यांची घाण, आणि त्यावर तरंगणारा आईच्या साबणाचा तुकडा. वडील पाय खोक्यावर घेऊन वर्तमानपत्र वाचत बसलेले असायचे. आई सुपानं पाणी लोटत असायची आणि एकही शब्द बोलायची नाही. तिच्या त्या न बोलण्याचा आवाज सुपापेक्षा मोठा होता. “रस्ता होऊ दे,” वडील वर्तमानपत्राआडून म्हणायचे. “रस्ता झाला की कळेल. मग आपलंच घर बरोबर ठरेल. या सगळ्यांना शिड्या लावून खाली उतरावं लागेल.” शाळेत असताना नोएमीचा यावर विश्वास होता. वर्गातल्या मुली तिला बेडकी म्हणायच्या तेव्हा ती मनात तो रस्ता बघायची, काळाभोर, खिळ्याच्या बेतानं चाललेला, आणि मुली आपापल्या दारांतून लोंबकळत उतरताहेत. ती रस्त्यांच्या धंद्यात त्यामुळे आली असं तिला कुणी म्हटलं असतं तर तिनं कबूल केलं नसतं. वडील गेले तेव्हा रस्ता झाला नव्हता. आता होत होता.

आणि चीड आणणारी गोष्ट ही होती की वडिलांचा खिळा बरोबर होता. तिनं जुनी पातळी संगणकात टाकून पाहिली होती, कुणी नसताना, चोरी करावी तशी. आडवी पन्हळ घेतली तर गल्ली बरोबर त्या खिळ्याच्या बेतानं जात होती. कोपऱ्यावर पाणी नाही, आईच्या दारात नाही, तळ्यापर्यंत सगळं सुरळीत. जे योग्य होतं तेच तिच्या सोयीचंही होतं, आणि तिथंच सगळं नासलं. योग्य असून गैरसोयीचं असतं तर ती टेबलावर हात आपटून बोलली असती. तिथं दुसऱ्या कुणाची आई राहत असती तरी बोलली असती. की नसती बोलली? तिला हेही आता नक्की सांगता येईना. ती स्वतःच्या मनाचे छेद काढू लागली: इथं इंजिनियर संपते, इथं मुलगी सुरू होते, पण मध्य जुळले की कडा जुळत नव्हत्या आणि कडा जुळवल्या की मध्ये उंचवटा येत होता. दुपारी कार्यालय सुटायच्या वेळी पासारीनो टोपी घालून तिच्या टेबलापाशी थांबले. पडद्यावर गल्ली वर उचललेली होती, चारही कोपरे हिरवे. “बघ, जुळलं की नाही!” ते म्हणाले आणि तिच्या खांद्यावर थाप मारून जेवायला गेले. तिनं ती रेघ तशीच जतन केली.

सगळं गाव दारं लावून झोपलं होतं तेव्हा ती सेईबो गल्लीत पोचली. ऊन इतकं की कुत्रीसुद्धा भिंतीला चिकटून होती. आई जागी होती. ती दुपारी झोपत नसे. लग्नानंतर या गावच्या लोकांच्या सगळ्या सवयी तिनं उचलल्या, ही एक सोडून. गाव जिला आदरानं डोन्या एउफेमिया म्हणे त्या आईनं मुलीचं तोंड बघितलं, बर्फ घातलेल्या पाण्याचा जग आणि तेरेरेची, म्हणजे थंड मातेची, वाटी टेबलावर ठेवली, आणि दह्याचा चक्का भरलेल्या उकडलेल्या करंज्यांची, वारेनिकीची, ताटली पुढे सरकवली.

“खा आधी. मग सांग काय मोडलंय ते.”

“काही मोडलं नाहीये.”

“मग या उन्हात माझी आठवण आली होय? चांगलंय.”

नोएमीनं सांगितलं. पन्हळ, वीतभर, बालवाडी, भराव, गव्हर्नर. आईला समजेल अशा शब्दांत सांगायचं तिनं ठरवलं होतं, पण आईनं मध्येच टेबलावरची दोन ताटं उचलली, एकमेकांना आडवी लावली आणि विचारलं, “ही गल्ली, हा हमरस्ता. हा वर आहे. म्हणून पाणी इथं बसतं. बरोबर?” बरोबर होतं. “आणि ही वर घेतली की माझ्याकडे येतं.” तेही बरोबर होतं. आईनं ताटं परत ठेवली. नोएमीला वाटलं ती रडेल. आणि रडली तर बरं, कारण रडण्याला काहीतरी उत्तर देता येतं.

“दोन थर,” आई म्हणाली. “दोन थर म्हणत होते मी त्याला. विटा अंगणात पडून होत्या. जास्तीच्या आणलेल्या. त्याच विटांवर मग आयुष्यभर कपाट उभं केलं. कपाटाला चालल्या, घराला नाही चालल्या. पातळी दिलेली आहे म्हणे! त्याला पातळी दिली, मला सूप दिलं.”

“बाबांचं बरोबर होतं, आई. हमरस्ता खाली घेतला तर…”

“बरोबर होतं ते मला माहीत आहे. बरोबर माणसाशी संसार करून बघ एकदा, म्हणजे कळेल.” आईनं वाटीत पाणी ओतलं, नळी ओढली, वाटी मुलीच्या हातात दिली. “तू तिथं तोंड शिवून बसली होतीस का?”

“बोलले मी. ते म्हणाले, तुझी आई तिथं राहते.”

“मग?”

“मग काय?”

“मी राहते म्हणून पाणी चढणीला लागतं की काय?” आईचा आवाज एकदम चढला; शेजारचं कुत्रं भुंकलं. “आणि तू गप्प बसलीस. बापावर गेलीस अगदी. त्याला वाटायचं पालिकेविरुद्ध बोलणं म्हणजे वेदीवर थुंकणं. चाळीस वर्षं मला त्या दाराची पायरी चढू दिली नाही. बाजूच्या सगळ्या बायका जाऊन भांडून आल्या, कुणाचा दिवा, कुणाचा कचरा. मी आपली सूप घेऊन! साविचांच्या घरातून तक्रार जात नाही, म्हणे.” ती दम घ्यायला थांबली. “त्या तुझ्या साहेबाला कशाची भीती वाटते?”

नोएमीला हा प्रश्न कधी पडला नव्हता. तिनं विचार केला. “तक्रारीच्या खिडकीवर येऊन मोठ्यानं बोलणाऱ्या म्हाताऱ्या बायकांची,” ती म्हणाली, “निवडणूक जवळ आली की.”

आई पहिल्यांदा हसली. तिचे पुढचे दोन दात नव्हते, आणि हसताना ती तोंडावर हात घ्यायची. या वेळी घेतला नाही. “उद्या येते. आणि हे बघ, तिथं मला आई म्हणायचं नाही. मीही तुला ओळखत नाही.”

“सगळं कार्यालय ओळखतं, आई. वाल्तेर तुझ्या हातचं जेवून गेलाय.”

“ओळखू देत. ओळखणं वेगळं आणि म्हणणं वेगळं.”

सकाळी नोएमी टेबलाशी होती, पण तिचं लक्ष खिडकीकडे होतं. तिला लाज वाटत होती, आणि लाज कशाची ते ठरत नव्हतं: आई येईल याची, की येणार नाही याची. आई आली. चर्चला जायचा निळा झगा, मोजे, एवढ्या उकाड्यात. रांगेत तिच्या पुढे एक माणूस होता, पाण्याच्या नळाचं काहीतरी. आई त्याच्यामागे शिस्तीत उभी राहिली, आपली पाळी आली तेव्हाच पुढे झाली. खिडकीवरच्या मुलीनं “काय काम आहे?” विचारलं. आईनं नोएमीकडे न बघता, संपूर्ण दालनाला ऐकू जाईल असं सांगितलं, “सेईबो गल्ली. हमरस्त्याच्या पाण्याबद्दल. इंजिनियरला बोलवा.” वाल्तेरनं नोएमीकडे बघितलं. नोएमी उठली. तीन टेबलांचं अंतर होतं, ते चालून जाताना तिला पायाखालची फरशी थोडी खाली-वर वाटली. खिडकीच्या त्या बाजूला आईचा चेहरा होता, आणि तो खरोखरच अनोळखी होता. इतकी वर्षं सुपामागे दडलेला, तिनं कधी न पाहिलेला.

“बोला, बाई,” ती म्हणाली.

“तुम्ही गल्ली वर उचलणार असं ऐकते. मग माझ्या घरात पाणी येणार. उचलली नाहीत तर बालवाडीच्या पोरांना पोहत जावं लागणार. पाणी आजवर सरळ पलीकडे जायचं. त्याला आडवं कोण झोपलंय?” मागच्या बाकांवरचे लोक वळून बघू लागले. नळवाला माणूस, ज्याचं काम होऊन गेलं होतं, तो थांबला. “आमच्या गल्लीतही तेच करतायत,” कुणीतरी म्हणालं. आतल्या खोलीचं दार उघडलं आणि पासारीनो बाहेर आले, हातात मातेची वाटी तशीच.

“डोन्या एउफेमिया!” ते ओठांपुरतं हसले. “अहो, तुम्ही कशाला त्रास घेतला? घरचीच माणसं आपण. आणि नकाशा तर…” त्यांनी नोएमीकडे हात केला, “नकाशा कुणी काढला ते तुम्हाला माहीत आहेच.”

“नकाशा कुणी काढला ते मी विचारत नाही,” आई म्हणाली. “मंजूर कोण करणार, त्याला बघायला आले होते. बघितलं.” तिनं पर्स बंद केली. “उद्या गल्लीतल्या बाकीच्या येतील. त्यांना ऐकू कमी येतं, म्हणून मोठ्यानं बोलतात. राग मानू नका.” आणि ती गेली. जाताना तिनं मुलीकडे बघितलं नाही. दारातल्या उन्हात निळा झगा क्षणभर पांढरा दिसला.

पासारीनो वाटी घेऊन आत गेले. त्यांचं दार नेहमीपेक्षा हळू लागलं. ते मानतील, की गव्हर्नर जाईपर्यंत थांबवून मग विसरतील, की नोएमीलाच दुसऱ्या कामावर टाकतील, यातलं काहीही होऊ शकत होतं आणि तिला तिन्हीची सारखीच चीड होती. वाल्तेर म्हणाला, “ग्रिंगा, तुझी आई निवडणुकीला उभी राहिली तर मत माझं.” तिनं नकाशा उघडला. गल्लीची रेघ खाली सोडली, होती तिथं. मग ज्या रेघेला आजवर कुणी हात लावला नव्हता ती धरली, हमरस्त्याची, लांबलचक, मंजूर झालेली. चौकाच्या दोन्ही बाजूंना बरंच अंतर ठेवून ती मध्ये हळूहळू खाली दाबू लागली. ही रेघ जड होती, किंवा तिला तशी वाटली. तिच्या कपाळाला घाम आला होता आणि पंखा तिच्याकडेच वळलेला होता. आडव्या पन्हळीचा तळ कोपऱ्यांच्या खाली गेला तेव्हा आतल्या खोलीचं दार पुन्हा उघडलं. त्यांच्याही पडद्यावर तोच नकाशा दिसत असे.

“नोएमी,” पासारीनो दारातूनच म्हणाले, “हमरस्त्याला हात लावायला तुला कोणी सांगितलं?”

“एक बाई आल्या होत्या,” ती म्हणाली, आणि रेघ सोडली नाही.